भारतीय फुटबॉल संघ, वर्ष 2024: पाचपैकी दीड स्टार

दीड स्टार. अर्धा व्हिएतनामच्या नाम दिन्हमध्ये आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवलेल्या पेनल्टीला, अर्धा दोह्यातल्या छांगतेच्या गोलला आणि अर्धा राहुल भेकेच्या हेडरला. याच्या वर देण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही. वर्षभरात 11 सामने खेळले आणि एकही जिंकला नाही. 6 हरले, 5 बरोबरीत सुटले. मारलेले गोल 4, खाल्लेले 15.

फुटबॉल संघाचा कसला रिव्ह्यू लिहिताय, असं माझ्या छपाईच्या प्रेसवरच्या पोरांनी विचारलं. का नाही लिहायचा? लोक मिक्सरला लिहितात, मिसळीला लिहितात. मी या संघासाठी रोख पैसे मोजलेत. सामने दाखवणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी, निळी जर्सी, हैदराबादचं तिकीट, जाण्यायेण्याचं भाडं. गिऱ्हाईक आहे मी, आणि गिऱ्हाईक बोलणारच.

आधीच सांगून ठेवतो, मी गोलकीपर होतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून खांबांमध्ये उभा राहिलोय आणि पाठीमागच्या प्रेक्षकांच्या शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे सामना बघताना माझी नजर चेंडूवर कमी आणि गोलीच्या पायांवर जास्त असते. हा रिव्ह्यूही तसाच एका बाजूने झुकलेला असणार. ज्यांना फॉर्मेशनची आकडेमोड हवी त्यांनी दुसरीकडे वाचावं.

कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं वेड, हे महाराष्ट्रभर माहीत आहे. पण ते वेड तालमीचं, पेठेचं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हटलं की गल्ल्या रिकाम्या. वर्ल्डकप आला की अर्धं गाव ब्राझीलचं, अर्धं अर्जेंटिनाचं. मेस्सी आणि नेमारचे किती फ्लेक्स माझ्या मशीनवरून गेले याची मोजदाद नाही. भारताच्या संघाचा फ्लेक्स आजवर एकदाच छापला, कॅप्टन सुनील छेत्रीच्या निरोपाचा, आणि त्याचं बिल मी कुणाला फाडलं नाही, कारण ऑर्डरही माझीच होती.

तर मग वर्षाची वर्गणी भरायची अवदसा कशी आठवली? 2023 मुळे. त्या वर्षी माल खरंच चांगला होता. इम्फाळला तिरंगी मालिका जिंकली, भुवनेश्वरला लेबनॉनला 2-0 ने हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, बंगळुरूला दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेची फायनल कुवेतविरुद्ध टायब्रेकरमध्ये, त्यातही सडनडेथला काढली. जुलैत फिफाच्या यादीत 99 वा नंबर. नोव्हेंबरात तर कुवेतमध्ये जाऊन कुवेतला हरवलं, मनवीरचा गोल. 2026 चा वर्ल्डकप 48 संघांचा, आशियाला थेट 8 जागा. पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत तरी जाऊ, असं मलाच काय, भल्याभल्यांना वाटत होतं. तिन्ही चषक घरच्या मैदानावर मिळाले होते, हे तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

जानेवारीत कतारला एशियन कप. पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी, शनिवारी संध्याकाळी 5 ला. प्रेसचं शटर अर्धं ओढून बघितला. रेफ्री होत्या जपानच्या योशिमी यामाशिता, पुरुषांच्या एशियन कपमध्ये सामना चालवणाऱ्या पहिल्या महिला, आणि सामना त्यांनी फार नेटका चालवला. पहिला हाफ आपल्या पोरांनी छाती काढून खेळला. छेत्रीचा एक हेडर खांबाच्या बाहेरून गेला. मध्यंतराला 0-0.

पुढे 50 व्या मिनिटाला काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं वर्षभर तेच वेगवेगळ्या रूपात दिसत राहिलं. उजवीकडून क्रॉस आला. गुरप्रीत झेपावला, हात लागला, पण चेंडू लांब गेला नाही. तो बॉक्समध्येच पडला, नेमका ऑस्ट्रेलियाच्या अर्विनच्या पायात, आणि गोल. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांचं एकच, गोलीने खाल्ला. बरोबर आहे, असा चेंडू बाहेरच्या बाजूला ढकलायचा असतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण मला सांगा, त्या हाताच्या पुढे अर्विन एकटा का उभा होता? त्याच्या अंगाला अंग लावून आपला एकही माणूस नव्हता. गोली चुकतो तेव्हा कॅमेरा त्याच्याच तोंडावर जातो, बाकीचे फ्रेममधून निसटतात. सामना 2-0 ने गेला.

उझबेकिस्तानने मध्यंतराच्या आत तीन घातले, त्यावर वेगळं लिहिण्यात अर्थ नाही. सीरियाविरुद्ध 76 व्या मिनिटाला एक खाल्ला आणि घरी परत. त्याच सामन्यात आपल्या बचावाचा कणा संदेश झिंगनचा गुडघा गेला. स्कोअरच्या नादात ही बातमी दबली, पण नुकसान सगळ्यात मोठं तेच होतं. तीन सामने, एकही गोल नाही. क्रमवारीत 102 वरून थेट 117.

मार्चमध्ये वर्ल्डकप पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत अफगाणिस्तानशी दोन सामने. त्यांच्या अनेक खेळाडूंनी स्वतःच्याच फेडरेशनवर बहिष्कार टाकला होता, नंबर दीडशेच्या पलीकडचा. पहिला सामना सौदीत अभाला, आपल्याकडे रात्री साडेबाराला. इथे ॲपबद्दल दोन शब्द. नाव घेत नाही, वर्गणीदारांनी समजून घ्यावं. स्कोअरची सूचना मोबाईलवर आधी वाजते आणि चित्र मागून येतं, ही कुठली पद्धत? त्या रात्री सूचना वाजायचा प्रश्नच आला नाही म्हणा, 0-0 झाला. झोप गेली ती गेली.

गुवाहाटीला छेत्रीचा 150 वा सामना. पेनल्टीवर त्यानेच 38 व्या मिनिटाला गोल केला. झालं, आता दोन-तीन होतील, असं वाटत असतानाच संघाने पाय मागे घेतले. 70 व्या मिनिटाला बरोबरी, 88 व्या मिनिटाला त्यांना पेनल्टी, 1-2. वर्षातला सगळ्यात लाजिरवाणा निकाल हाच. उझबेकिस्तानकडून तीन खाणं समजू शकतो. घरच्या मैदानावर, आघाडी घेऊन, निम्म्याअर्ध्या अफगाण संघाकडून हरणं माझ्या तरी पचनी पडलं नाही.

6 जून. आमच्याकडे शिवराज्याभिषेक दिन, त्यात लोकसभेचा निकाल दोनच दिवसांपूर्वी लागलेला, अभिनंदनाच्या फ्लेक्सचा ढीग पडलेला. तरी संध्याकाळी 7 ला मशीन बंद केलं. कोलकात्याचं सॉल्ट लेक, पात्रतेच्या त्याच फेरीत कुवेत समोर, छेत्रीचा निरोपाचा सामना. 151 सामने, 94 गोल, वय 39. स्टेडियम भरलेलं होतं. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच आपला रहीम अली एकटा गोलीसमोर होता, त्याने थेट गोलीच्या अंगावर मारला. छेत्रीचे तरुणपणचे दिवस आठवा, तो अशा चेंडूवर मान वर करून बघायचाही नाही, आधी चेंडू जाळीत असायचा. 0-0. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारत रडत होता. या सामन्याला स्टार देत नाही आणि कापतही नाही.

आणि मग 11 जून, दोहा. जिंकलो असतो तर आपले 8 गुण झाले असते, कुवेत 7 वर थांबलं, म्हणजे आपण तिसऱ्या फेरीत. कतार आधीच पात्र ठरलेलं, त्यांनी कोवळी पोरं उतरवली होती. गुरप्रीत कॅप्टन. 37 व्या मिनिटाला आपल्या मधल्या फळीतल्या ब्रँडनने डावीकडून चेंडू मागे दिला आणि छांगतेने पहिल्या झटक्यात जाळीत मारला. काय गोल होता! इतक्या महिन्यांत प्रथमच आपला माणूस योग्य वेळी योग्य जागी होता. पुढचा अर्धा-पाऊण तास त्या संघाने जो बचाव केला, तो पेठेच्या ईर्ष्येने केला.

73 वं मिनिट. फ्रीकिक, कतारच्या यूसुफ आयमनचा हेडर, गुरप्रीतने खाली पडत अडवला. चेंडू त्याच्या अंगाला लागून गोललाईनच्या बाहेर गेला. पूर्ण बाहेर, खांबाच्या शेजारून. रिप्लेत गवत दिसतंय रेषा आणि चेंडूच्या मध्ये. गोलीला हे कळतं, त्याला बघावं लागत नाही, चेंडू रेषेपार गेला की अंग आपोआप सैल होतं. गुरप्रीत तसाच सैल पडला होता, कॉर्नरची तयारी मनात सुरू झाली असणार. तेवढ्यात त्यांच्याच हाश्मीने तो चेंडू टाचेने आत ओढला, आयमनने जाळीत ढकलला, आणि रेफ्रीने गोल दिला. लाईनमनचा झेंडा खाली. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, त्या फेरीत नव्हतंच. आपली पोरं रेफ्रीभोवती जमली, हात जोडले, काही झालं नाही. 85 व्या मिनिटाला दुसरा खाल्ला, 2-1.

फेडरेशनने तक्रार केली, त्याचं पुढे काही झालं नाही. मी तो तुकडा किती वेळा बघितला ते सांगत नाही. अन्याय झाला, शंभर टक्के झाला. पण एक कडू गोष्टही आहे. अफगाणिस्तानविरुद्धचे दोन सामने नीट खेळले असते तर दोह्याला जाताना रेफ्रीच्या डोळ्यांवर आपलं नशीब टांगलेलं नसतं.

आठवड्याच्या आत प्रशिक्षक स्टिमॅचला काढलं. करार 2026 पर्यंतचा. जुलैत त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले, एफसी गोवा क्लबची नोकरी न सोडता. दोन पातेल्यांत एकच पळी फिरवायची असा तो प्रकार मला तेव्हाच पटला नव्हता, पण माणूस शांत आहे, आरडाओरडा करत नाही, हे त्यांच्या बाजूने.

सप्टेंबरात हैदराबादला इंटरकॉन्टिनेंटल कप. मॉरिशसशी 0-0, सीरियाकडून 0-3. गणपतीचे दिवस, मंडळांची कामं, मी एक सामना धड बघितला आणि दुसऱ्याचा स्कोअर आरतीच्या वेळी कळला. काही गमावलं असं वाटलं नाही. गतवर्षी जिंकलेला चषक सीरियाला देऊन मोकळे झालो.

12 ऑक्टोबरला दसरा. सामना व्हिएतनामशी, नाम दिन्हला, आपल्या वेळेनुसार साडेचारला. लेबनॉनने माघार घेतल्याने तिरंगीचा एकच सामना उरला होता. मी मोबाईल घेऊन दसरा चौकाच्या वाटेवर. सुरुवातीलाच त्यांना पेनल्टी मिळाली आणि गुरप्रीतने ती अडवली. पेनल्टीला गोलीकडून कुणाची अपेक्षा नसते, म्हणून अडवली की सगळे नशीब म्हणतात. नशीब नाही ते. पाय शेवटपर्यंत जमिनीवर ठेवून थांबणं, मारणाऱ्याच्या आधी न हलणं, साडेसहा फुटांच्या जवळ उंची असलेल्या माणसाला हे फार अवघड जातं, कारण त्याला खाली जायला वेळ लागतो. मी रस्त्यात एवढ्या जोराने ओरडलो की सोनं द्यायला आलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. पुढे त्यांनी एक केला, दुसऱ्या हाफमध्ये फारुख चौधरीने बरोबरी साधली, 1-1. माझ्या हिशेबात हा वर्षातला सगळ्यात समाधानाचा सामना.

त्या समाधानातच नोव्हेंबरचं तिकीट काढलं. 18 नोव्हेंबर, मलेशिया, हैदराबादचं गच्चीबावली. विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस तोच, त्यामुळे आदल्या दिवशी सगळी पत्रकं पोचवून झाली होती. रात्री सोलापूरमार्गे बस धरली. कर्ण्यांपासून सुटका, हाही त्या प्रवासाचा फायदा धरा.

स्टेडियमबद्दल. बालयोगी स्टेडियम ॲथलेटिक्सचं आहे, मैदानाभोवती धावपट्टी आहे. म्हणजे खेळाडू तुमच्यापासून लांब. शाहू स्टेडियमवर बसून गोलीचा श्वास ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटतं. खुर्ची स्वच्छ, स्वच्छतागृह स्वच्छ, प्रवेश शिस्तीत, याबद्दल तक्रार शून्य. गर्दी मात्र विरळ. ब्लू पिलग्रिम्स या संघाच्या पाठीराख्यांची मंडळी एका कोपऱ्यात ढोल घेऊन होती. खेळ कसाही असो, त्यांचा आवाज नव्वद मिनिटं थांबला नाही. संघाऐवजी त्यांना स्टार द्यायचे असते तर पाचही दिले असते.

19 वं मिनिट. मागून उंच लांब चेंडू आला, आपल्या बचावफळीच्या डोक्यावरून. गुरप्रीत बॉक्स सोडून बाहेर धावला. मी उभा राहिलो, कारण मला दिसलं की पोचणार नाही. चेंडूचा टप्पा पडायच्या आधी निघावं लागतं किंवा निघूच नये, तो मधल्याच क्षणी निघाला. मलेशियाच्या पाउलो जोसुएने चेंडू शेजारून काढला आणि रिकाम्या गोलात ढकलला. सगळं स्टेडियम सुस्कारलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक तेलुगू पोरगा हात डोक्याला लावून मागे वळला आणि माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, अंकल, हे काय होतं? मी काय सांगू? ही चूक निखळ गोलीची होती, इथे मी वकिली करणार नाही.

39 व्या मिनिटाला ब्रँडनचा कॉर्नर आणि राहुल भेकेचा हेडर. भेके मुंबईचा पोरगा. या संघातलं आपल्या महाराष्ट्राचं नाणं, आणि वर्षाचा शेवटचा गोल त्याचा. मी एकटाच मराठीत ओरडलो असेन. झिंगनही त्या दिवशी परतला. दहा महिन्यांनी उतरलेला माणूस, पण बोट दाखवून तिघांना जागेवर उभा करत होता. टीव्हीवर हे दिसत नाही, मैदानावर जाण्याचे पैसे यातच वसूल होतात. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू आपल्याकडे होता, गोल नव्हता. 1-1.

आता मुद्द्याचं. वर्षभर बोंब गुरप्रीतच्या नावाने झाली आणि त्याने काही सामन्यांत ती ओढवूनही घेतली. पण 11 सामन्यांत 4 गोल, हा गोलीचा दोष कसा? त्या चारमध्ये एक छेत्रीची पेनल्टी, एक डिफेंडरचा हेडर. म्हणजे चालत्या खेळात आपल्या पुढच्या फळीने वर्षात दोन गोल केले. दोन! सात सामन्यांत तर खातंच उघडलं नाही. समोर गोल होणारच नसेल तर मागच्या माणसाला नव्वद मिनिटं निर्दोष राहावं लागतं, आणि तसा गोली जगात जन्मलेला नाही.

स्ट्रायकर नाही, याचं कारणही गुपित नाही. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2024 ला मैदानावर एकावेळी चार परदेशी चालायचे. कुठलाही क्लब त्यातला एक तरी नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, लावणारच, पैसे त्यांचे आहेत. मग आपली पोरं कुठे खेळतात? कडेला. छांगते कडेला, मनवीर कडेला. संघात आलं की त्यांना म्हणायचं, आता मध्ये उभा राहा आणि पाठ करून चेंडू घे. छेत्री जूनमध्ये निरोप घेतल्यावरही 2024 ला बंगळुरू क्लबकडून गोल मारतच होता आणि भारतीयांमध्ये त्याच्या जवळपास कुणी नव्हतं, हे कौतुक म्हणून वाचायचं की धोक्याची घंटा म्हणून, तुम्ही ठरवा.

जर्सीचं राहिलं. ऑनलाईन मागवली, दुकानाचं नाव घेत नाही. रंग सुंदर, कापड हलकं, पण तिसऱ्या-चौथ्या धुण्यात छातीवरचं चिन्ह कडेने सुटायला लागलं. छपाईच्या धंद्यातला माणूस आहे, उष्णता कमी पडलीय हे हात लावताच कळलं. प्रेसवर परत दाबून घेतलं. एक्सएल मागवा, मापं आखूड आहेत.

कुणाला सुचवेन? निकालावर जीव टांगणाऱ्यांना नाही. ज्यांना बचाव बघायला आवडतो, ज्यांना 0-0 मध्येही काहीतरी दिसतं, त्यांनी एकदा मैदानावर जाऊन जरूर बघावं. टीव्हीपेक्षा संघ बरा दिसतो, हे खरं आहे.

9 डिसेंबरला 2027 च्या एशियन कपच्या पात्रतेचा ड्रॉ निघाला. आपल्या गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर, आणि पुढे जाणार फक्त पहिला. 2025 च्या मार्चमध्ये पहिला सामना बांगलादेशशी ठरला. त्यांनी दरम्यान इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबचा हमझा चौधरी मिळवला, फिफाची परवानगीही आली. आपल्याकडे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला संघात घेता येत नाही, नियमच तसा आहे, त्यामुळे नऊ नंबर इथल्याच मातीत शोधावा लागणार. ॲपची वर्गणी मी मार्चपुरती, एका महिन्याची भरणार आहे. वर्षाची नाही.